कथेचं मृत्युपत्र

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सिएटलला वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथा आणि फँटसीच्या चाहत्यांचं संमेलन, भरलं होतं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका ज्याच्या अजून अपुऱ्या असलेल्या पुस्तकांवरून निघाली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिनला तिथे एका चाहत्याने तोंडावर विचारलं की, तुम्ही काही आता फार काळ असणार नाही, तर उरलेली पुस्तकं ब्रँडन सँडरसनसारख्या कुणी पुरी केली तर कसं वाटेल? लोकांनी त्या चाहत्याची हुर्यो उडवली, ते योग्यच झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाशी त्याच्या मरणाबद्दल असं बोलण्याइतका कोडगेपणा कुठलंही पुस्तक वाचून येत नाही, तो घरूनच आणावा लागतो. पण उद्धटपणा बाजूला काढला तर खाली उरणारा प्रश्न रास्त आहे. अनेक खंडांची एकच गोष्ट लेखक सुरू करतो, वाचक शाळेत असताना तिच्यामागे लागतात आणि त्यांची मुलं शाळेत जायला लागली तरी चालतच असतात. गोष्ट संपायच्या आत लेखकच संपला तर तिचं काय करायचं, आणि ते ठरवायचं कुणी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लेखक वाचकाला वेग देणं लागत नाही. पुढचा खंड कधी, असं दरडावून विचारायचा हक्क कुणालाच नाही. मात्र एकच गोष्ट तुकड्यातुकड्यांनी विकायला काढली की, आपल्यामागे तिचं काय व्हावं हे सांगून ठेवणं तो नक्की लागतो. पुरी करा म्हणावं, नाहीतर जाळा म्हणावं. दोन्ही मला मान्य आहे.

त्या चाहत्याला सँडरसनच का आठवला, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. रॉबर्ट जॉर्डन आणि मार्टिन दोघेही १९४८ चे, जेमतेम महिन्याच्या अंतराने जन्मलेले. जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या फँटसी मालिकेचा पहिला खंड १९९० च्या जानेवारीत आला. गोष्ट मोजक्या खंडांत आटपेल असा सुरुवातीचा अंदाज होता, पण ती पसरत गेली आणि २००५ मध्ये अकरावा खंड निघाला तरी शेवटची लढाई अजून पुढेच होती. बारावा खंड शेवटचा, आणि कितीही पानांचा झाला तरी एकाच पुस्तकात बसवणार, असं जॉर्डन ठासून सांगायचा. २००६ मध्ये त्याने हृदयाचा दुर्धर आजार जाहीर केला आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला.

या दीड वर्षात त्याने जे केलं त्यासाठी मला तो थोर वाटतो. त्याआधी चाहत्यांनी छेडलं की तो म्हणायचा, मी मेलो तर माझी टिपणं आणि हार्ड डिस्क नष्ट करायची व्यवस्था करून ठेवली आहे. मरण खरोखर दारात आल्यावर त्याने मत बदललं. घरच्यांना जवळ बसवून गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, टेपवर बोलून ठेवली, काही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आणि शेवटचा प्रसंग तर पुरता लिहिला. बाकीचं बायकोवर सोपवलं. ती बायको म्हणजे हॅरिएट मॅकडूगल. या सगळ्या खंडांची संपादक तीच. नवरा गेल्यावर कुणीतरी सँडरसन नावाच्या तरुण लेखकाने जॉर्डनवर लिहिलेला मृत्युलेख तिच्या हाती ठेवला. तो तिने वाचला, सँडरसनची एक कादंबरी वाचली आणि काम त्याच्यावर सोपवलं. सँडरसनने पहिला खंड १९९० मध्येच, पोरवयात विकत घेतला होता. म्हणजे ज्याच्या हाती लेखणी गेली तो आधी रांगेतला वाचक होता. एका खंडाचं काम त्याने तीन खंडांत केलं आणि शेवटचा, चौदावा खंड २०१३ च्या जानेवारीत बाहेर पडला. मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत, आधी जॉर्डनचं.

मी ही मालिका तिच्या लेखकाच्या हयातीत सुरू केली आणि तो गेल्यावर संपवली. माझे बरेचसे खंड फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचे, एकाचा आकार दुसऱ्याशी न जुळणारे, काहींच्या पहिल्या पानावर भलत्याच कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. शेवटचे तीन मात्र कोरे घेतले. बारावा उघडला तेव्हा मनात धास्ती होती आणि ती खोटी ठरली नाही. हात बदललेला कळतो. कुठे कळतो, ते सांगण्यासारखं आहे.

मॅट कॉथन हे या मालिकेतलं बहुतेकांचं लाडकं पात्र. जुगारी, नशिबाचा सांड, जबाबदारीचं नाव काढलं की पळ काढणारा आणि तरी दर वेळी जबाबदारीच्या मधोमध जाऊन उभा राहणारा. जॉर्डनचा मॅट आपल्याला हसवतो, कारण आपण विनोदी आहोत हे त्याच्या गावीही नसतं. जगात शहाणा मी एकटाच, बाकीच्यांना झालंय तरी काय, अशा गंभीर चेहऱ्याने तो वावरतो. सँडरसनचा बाराव्या खंडातला मॅट मात्र विनोद करतो. एका गावात शिरायचं म्हणून तो सगळ्या साथीदारांसाठी लांबलचक खोट्या जन्मकहाण्या कागदावर लिहून काढतो आणि त्या पाठ करायला लावतो. वाचताना मी चक्क पान मागे उलटून पाहिलं की हा तोच माणूस आहे ना. इतर वाचकांनीही तक्रार केली. आणि सँडरसनने ती मान्य केली: हो, त्या खंडात मॅट मला साधला नाही. पुढच्या दोन खंडांत त्याने तो बराचसा सावरला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण अगदी शेवटी येतं. (इथे शेवट फुटणार आहे. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) लढाई संपली आहे. नायक रँड मेला अशी सगळ्यांची समजूत आहे, चिता पेटली आहे, आणि तो दुसऱ्याच देहात, कुणाला न सांगता घोड्यावर बसून निघाला आहे. ज्या शक्तीने त्याला तेरा खंड छळलं ती आता त्याच्यात उरलेली नाही. तो चिलीम काढतो, पेटवायला काही सापडत नाही. मग ती पेटलेली आहे असा नुसता विचार करतो आणि ती पेटते. कशी? कादंबरीत खुलासा नाही. हा प्रसंग जॉर्डनचा. सँडरसनच्या जागी दुसरा कुणी हौशी असता तर त्याने दोन पानं खर्चून ते कोडं सोडवलं असतं, निदान आधीच्या खंडांत त्याची पेरणी तरी केली असती. याने हात लावला नाही. दुसऱ्याचं काम पुरं करणाऱ्याला काय लिहावं याच्याइतकंच काय लिहू नये हेही कळावं लागतं, आणि सँडरसनला ते कळलं होतं असं मी या एका चिलमीवरून म्हणतो.

आता कुणी म्हणेल, ही पाश्चात्य प्रकाशकांची थेरं, खप चालू ठेवायचे धंदे. खपाचा भाग आहेच, नाही कोण म्हणतो? पण दुसऱ्याची अपुरी गोष्ट पुरी करणं आपल्याकडे प्रकाशक नावाचा प्राणी जन्माला येण्याच्या हजार वर्षं आधीपासून चालू आहे. बाणभट्ट ‘कादंबरी’ अर्धी टाकून गेला, ती त्याच्या मुलाने पुरी केली. मुलाचं नाव भूषण की पुलिंद यावर अजून एकमत नाही, इतका तो आडोशाला राहिला. पण सुरुवातीला त्याने एक श्लोक लिहिला आहे. वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर ही कथाही पृथ्वीवर तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतं हे पाहून मी ती हाती घेतली, कवित्वाच्या घमेंडीने नव्हे, असा त्याचा भाव. सातव्या शतकातला हा श्लोक सँडरसनने आपल्या प्रस्तावनेत घातला असता तरी शोभला असता.

मराठीत तर याहून जवळचं उदाहरण आहे. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी थांबलं. पुढचं लिहिलं गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, मंद समजला गेलेला पोरगा, असं परंपरा सांगते. घरात इतके विद्वान ये-जा करत असताना रामाचं युद्ध संपवायचं काम या पोराकडे जावं यातली गंमत आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या चवीने सांगितली आहे. पण मला त्या आख्यायिकेतला मुद्दा वेगळा दिसतो. गावबा नाथांच्या घरात वाढला होता, त्यांचं बोलणं त्याच्या कानात होतं, आणि त्याच्यावर ते सोपवलं गेलं होतं.

हिंदीत पाहा. देवकीनंदन खत्रींनी १८८८ पासून ‘चंद्रकांता’, मग चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’ लिहिली. तिलिस्म म्हणजे मायावी भूलभुलय्ये, ऐयार म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, भुयारं, कुलपं. आपल्याकडची अस्सल फँटसी मालिका तीच. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात जे आलं ते फारसं खत्रींचं नव्हतं, तो वेगळा विषय. खत्रींचा ‘भूतनाथ’ सहा भागांवर अडला, ते १९१३ मध्ये गेले, आणि मुलगा दुर्गाप्रसाद याने तो पुढे नेऊन पुरा केला. जपानमध्ये केंतारो मिउरा १९८९ पासून ‘बर्सर्क’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, काढत होता, तो २०२१ मध्ये एकाएकी गेला. पण त्याने कित्येक वर्षांपूर्वी शाळेपासूनच्या मित्राला, कोजी मोरीला, सगळी गोष्ट तोंडी सांगितली होती. २०२२ मध्ये मोरीच्या देखरेखीखाली मिउराच्याच सहायकांनी ती पुन्हा सुरू केली. मोरीने वाचकांना आधीच बजावलं की, मला मिउराने जे सांगितलं तेवढंच मी देणार, पदरचं घालणार नाही.

मुलगा, शिष्य, बायको, मित्र. शतकं वेगळी, भाषा वेगळ्या, तरी ओळख पटते. वाचकांना भूक आहे म्हणून त्यांच्यातल्या कुणीही उठून गोष्ट पुरी करावी, असं यांतल्या एकाही ठिकाणी झालेलं नाही. सँडरसनसुद्धा हॅरिएटने बोलावल्यावर आत आला. पुरं करायचा अधिकार सोपवण्यातून येतो. आणि सोपवणं हे ज्याची गोष्ट त्याने, किंवा त्याने ज्याला निवडलं त्याने करायचं असतं.

विनोदी फँटसी लिहिणाऱ्या टेरी प्रॅचेटची गोष्ट याच्या बरोबर उलटी, आणि तितकीच चोख. तो २०१५ च्या मार्चमध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे २०१७ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत, त्याच्या अपुऱ्या कादंबऱ्या असलेल्या हार्ड डिस्कवरून वाफेवरचा जुना रोडरोलर फिरवण्यात आला. मुलगी रिआना हिनेही सांगून टाकलं की डिस्कवर्ल्डची नवी कादंबरी निघणार नाही. वाचकांनी हळहळ व्यक्त केली, पण फसवल्यासारखं कुणाला वाटलं नाही. का वाटलं नाही? डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या एकाच जगात घडतात, पण प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या पुस्तकात संपते. बेचाळिसावी आली नाही म्हणून एक्केचाळिसावी अपुरी ठरत नाही. प्रॅचेटवर कुणाचं काही देणं नव्हतं. तरीही त्याने व्यवस्था लावली. ज्यांच्यावर देणं आहे त्यांना हे जमू नये?

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की, वाचकाने पैसे मोजले ते एका पुस्तकाचे, त्याला ते पुस्तक मिळालं, व्यवहार संपला. लेखक म्हणजे हप्ते बांधून घेतलेला बिल्डर नव्हे. कायद्याने हे बरोबर असेल. पण वचन करारात नसलं तरी गोष्टीत असतं. पॅट्रिक रॉथफसची मालिका घ्या. तिचा नायक पहिल्याच खंडात सांगतो की माझी कहाणी सांगायला तीन दिवस लागतील. पहिला दिवस २००७ मध्ये आला, दुसरा २०११ मध्ये. तिसरा अजून उगवायचा आहे. इथे वाचकाने हावरटपणा करून तिसऱ्या दिवसाची मागणी केलेली नाही, लेखकाने आपल्या पात्राच्या तोंडून तो कबूल केला आहे. जॉर्डनच्या पहिल्या खंडातही शेवटच्या लढाईची चाहूल आहे. गंमत म्हणजे त्याच्या जगात काळ हे सात आऱ्यांचं फिरतं चाक आहे, जीव पुन्हा पुन्हा विणले जातात, शेवट म्हणून काही नसतोच. ही कल्पना आपल्याला काही नवी नाही, युगांचे फेरे ऐकतच आपण मोठे होतो. पण शेवट नसतो असं मानणाऱ्या त्या कथेलाही शेवट हवाच होता, आणि हे जॉर्डनला अंथरुणावर पडल्या पडल्या कळत होतं.

दुसरा प्रतिवाद मला जास्त अडवतो. अपुरेपणालाही मोल असतं, तो राहू द्यावा, वाचकाने आपापल्या मनात शेवट करावा. हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, मराठी वाङ्मयाचं काय बिघडलं? खरं आहे. जोडलेलं शेपूट नसलेलीच बरी, अशी पुस्तकं असतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, हा पेच आयुष्यभर पुरला. वडिलांच्या ढीगभर परस्परविरोधी खर्ड्यांतून त्याने १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ हे एकसंध पुस्तक तयार केलं. मग जणू त्या एकसंधपणाची भरपाई म्हणून पुढे बारा खंडांत ते खर्डे जसेच्या तसे, टिपांसकट छापले, म्हणजे सांधा कुठे आहे ते कुणालाही दिसावं. ही तिसरी वाट मला फार प्रामाणिक वाटते: पुरं करू नका, पण आहे ते दाखवा. लेखकाने यातली कुठलीही वाट निवडावी. माझा आक्षेप आहे तो काहीच न निवडण्याला. आपण अमर आहोत अशा थाटात सातातला पाचवा खंड छापायचा आणि पुढचं वारसांच्या, वकिलांच्या आणि बाजाराच्या हाती सोडायचं, याला.

कारण आता बाजार वाट बघत बसत नाही. मार्टिनचा पाचवा खंड २०११ च्या जुलैचा. टीव्हीवरच्या मालिकेने पुस्तकांना मागे टाकलं आणि २०१९ मध्ये आपला शेवट करून टाकला. त्यानंतर संगणकाला हाताशी धरून कुणीतरी मार्टिनचे उरलेले खंड तयार केले, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ऑथर्स गिल्ड या अमेरिकी लेखकांच्या संघटनेने मार्टिनसह काही लेखकांना बरोबर घेऊन चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयवर दावा लावला, त्यात याही प्रकाराचा उल्लेख आहे. हे करणाऱ्या वाचकावर माझा राग नाही. दहा-बारा वर्षं ताटावर बसलेला माणूस शेवटी स्वतःच वाढून घेतो. यंत्राने केलेला शेवट वाईटच असेल असंही मी म्हणत नाही, उद्या तो शैलीत सँडरसनपेक्षा सफाईदार निघेल. पण मॅट चुकला तेव्हा तक्रार करायला एक माणूस होता, त्याने ऐकून घेतलं, हो म्हणाला आणि पुढच्या खंडात दुरुस्ती केली. बाणाच्या मुलाने आपण का धजावलो याचा खुलासा चार ओळींत दिला. मोरीने आपली मर्यादा आधीच आखून घेतली. यंत्राने मॅटला विदूषक केला तर ते कुणाला विचारणार? शिवाय असा शेवट एक नसतो, मागाल तितके मिळतात. नायक मेलेला हवा की जिवंत, ते सांगा. ज्याला आपण शेवट म्हणतो तो कुणीतरी एकदाच ठरवलेला असतो आणि आपल्याला आवडला नाही तरी तोच असतो. वाचकांना याचीच ओढ असते, म्हणून तर शेवटचं पुस्तक संपल्यावर आपण इतके भांडतो.

तेव्हा वाचकांनी लेखकाचं वय मोजणं थांबवावं आणि प्रकाशकांनी पहिल्या खंडाच्या करारातच एक कलम घालावं. मालिका एकाच कथेची असेल तर लेखकाने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: माझ्यामागे निर्णय कुणाचा, कथा पुरी करायची, नुसती टिपणं छापायची की सगळं नष्ट करायचं, आणि पुरी करायची असेल तर नाव कुणाचं कसं छापायचं. दर नव्या खंडाबरोबर ते पुन्हा वाचून बदलण्याची मुभा असावी, कारण माणसाचं मत बदलतं, जॉर्डनचंही बदललं. हा कागद वाचकांना दाखवायची गरज नाही. तो आहे, एवढं पुस्तकाच्या मागच्या पानावर एका ओळीत छापलं तरी पुरे. आपल्याकडे घरदार, शेतीवाडी यांची मृत्युपत्रं करतानाही माणसं अशुभ म्हणून टाळाटाळ करतात, तिथे गोष्टीचं मृत्युपत्र कोण करणार, हे मला कळतं. पण मराठीतही आता तीन-तीन, चार-चार खंडांच्या कादंबऱ्या कुणी लिहायला घेतल्या तर प्रकाशकाने हा विषय पहिल्याच बैठकीत काढावा. लेखक रागावेल, चहा अर्धा टाकून उठेल, पुढच्या बैठकीला येईल तेव्हा पुन्हा काढावा.